एकच रिमोट

टीव्हीचा रिमोट निराळा, सेटटॉप बॉक्सचा निराळा, स्पीकरचा निराळा. घरची माणसे रानात गेली, की म्हातारी आई तिन्ही घेऊन बसते. टीव्ही काही लागत नाही. तिच्यासाठी एकच युनिव्हर्सल रिमोट घेऊ या.

पुष्कळ बटणे पाहून आपण भुलतो. तसला नको! बटणे थोडी, मोठी, अंधारातही बोटाला सापडणारी असावीत. चालू-बंद, आवाज, चॅनेल, बस्स.

दुकानात 'शिकणारा' रिमोट मागू. जुना रिमोट त्याच्यासमोर धरून एकेक बटण शिकवायचे. जुना रिमोट डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकतो. नवा ती खूण लक्षात ठेवतो. ब्लूटूथच्या रिमोटची खूण मात्र त्याला उचलता येत नाही. म्हणून जुने रिमोट सोबत न्यावेत. पैसे देण्याआधी दुकानदाराकडून शिकवून घ्यावे.