हाताचे सांधे : विश्रांती किती, हालचाल किती?

पाणवठ्यावरून कळशी आणणे, भाकरी थापणे, फळ्यावर लिहिणे, अंगात सदरा घालणे ही कामे इतकी नित्याची आहेत की, हात धडधाकट असेपर्यंत त्यांची दखलही घेतली जात नाही. खांदा वा मनगट आखडले म्हणजे मात्र स्वतःची वेणी घालण्यासाठीही दुसऱ्याचा आधार घ्यावा लागतो. अशा वेळी दुखरा हात महिनोन् महिने गळ्यात बांधून ठेवणे किंवा तो जोराने चोळून, ओढून घेणे हे दोन उपाय सर्रास केले जातात. पहिल्याने सांधा अधिक आखडतो, तर दुसऱ्याने दुखणे बळावते. योग्य वेळी आणि सोसवेल इतकीच हालचाल, हे भौतिकोपचाराचे मूलसूत्र होय.

खांदा का आखडतो?

खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखे लवचिक आवरण असते. ते सुजून जाड व आकुंचित झाले की हात वर नेणे आणि पाठीमागे वळविणे कठीण होते. अमेरिकन शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ साली या विकारास 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे गोठलेला खांदा, असे नाव दिले. हा विकार प्रामुख्याने ४० ते ६० या वयात होतो आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण इतरांहून बरेच जास्त असते. म्हणून खांदा आखडलेल्या व्यक्तीने रक्तातील साखर तपासून घेणे इष्ट ठरते.

या विकाराच्या तीन अवस्था असतात. प्रथम वेदना वाढतात व रात्रीची झोप मोडते. नंतर वेदना ओसरून ताठरपणा उरतो. शेवटी खांदा हळूहळू मोकळा होतो. या क्रमास एक ते तीन वर्षे लागू शकतात. धीर न सोडता नियमितपणा राखणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

घरी करता येण्याजोगे व्यायाम

तज्ज्ञांनी तपासणी केल्यानंतर पुढील व्यायाम घरी दिवसातून दोन-तीन वेळा करता येतात. त्यापूर्वी कोमट शेक दहा-पंधरा मिनिटे घ्यावा. मधुमेहींच्या त्वचेची संवेदना कमी झालेली असू शकते. त्यांनी शेकाची उष्णता दुसऱ्याकडून पारखून घ्यावी.

१. निरोगी हात टेबलावर टेकून पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडावा व घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हळुवार झुलवावा.

२. भिंतीसमोर उभे राहून बोटे पायरी-पायरीने वर चढवावीत. रोज कोठवर हात पोहोचला याची खूण केल्यास प्रगती दिसते.

३. उताणे निजून दोन्ही हातांत काठी धरावी व निरोगी हाताच्या साहाय्याने दुखरा हात वर न्यावा.

किंचित ताण जाणवणे स्वाभाविक आहे. परंतु व्यायामानंतर वेदना वाढून तासन् तास टिकल्यास व्यायामाचे प्रमाण कमी करावे. पहिल्या, वेदनामय अवस्थेत जोर मुळीच करू नये.

कोपर, मनगट आणि बोटे

कपडे पिळणे, पाना फिरविणे अशा कामांनी कोपराच्या बाहेरील कंडरांवर ताण येतो. टेनिस कधीही न खेळलेल्यांनाही होणारा हा 'टेनिस एल्बो' होय. त्यावर कामाची पद्धत बदलणे आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने हलके वजन धरून मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करणे उपयुक्त ठरते. अंगठा व त्यालगतच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटातील नस दबलेली असण्याचा संभव असतो. निजताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधल्यास अनेकांना आराम पडतो.

पडल्यामुळे मनगटाचे हाड मोडलेल्या वृद्धांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. हाड प्लास्टरमध्ये जुळून येते. पण त्या काळात न हललेली बोटे, कोपर व खांदा आखडून बसतात. म्हणून डॉक्टरांना विचारून प्लास्टरबाहेरील सांधे पहिल्या दिवसापासून हलविणे अगत्याचे आहे.

विलंब केव्हा नको?

सांधा लाल, गरम होऊन ताप येणे, हाताची शक्ती कमी होणे, पडल्यानंतर हात वेडावाकडा दिसणे, अथवा दोन्ही हातांची बोटे सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ ताठर राहणे, अशी लक्षणे दिसल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. हातदुखीबरोबर छातीत दडपण व घाम आल्यास तो हृदयविकार असू शकतो. क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

सर्वांचे सहकार्य

मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. भौतिकोपचारासह संलग्न आरोग्य व्यवसायांच्या शिक्षणाचे व सेवेचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २०२१ साली संमत झाला. तथापि, या उपचाराचा मोठा भाग रुग्णाच्या घरातच पार पडतो. त्यास लागणारी साधने म्हणजे एक भिंत, एक काठी आणि घरच्यांचे प्रोत्साहन. हात गळ्यात बांधून बसलेल्या ग्रामस्थास वेळीच आरोग्य केंद्राची वाट दाखविण्याचे काम पंचायत सदस्य व शिक्षक सहज करू शकतील. त्यायोगे एक कष्टाचा हात पुन्हा कामास लागेल.