नऊ एक्क्यांचा वर्ग

प्रश्न : मुलीने वहीत १११ × १११ = १२३२१ असा गुणाकार केला आणि तिला गंमत वाटली. मग आम्ही एक्सेलमध्ये १११११११११ या नऊ एक्क्यांच्या संख्येचा वर्ग काढला. सगळे अंक उघडून पाहिले, तर उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० आलं! शेवटी ३२१ का नाही? आणि दहा एक्के घेतले तर?
– एक वाचक, वेळणेश्वर (ता. गुहागर)

उत्तर : खरं उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ हेच. दोन्ही संख्यांच्या एकं स्थानी १ आहे, तेव्हा गुणाकाराच्याही एकं स्थानी १ च हवा; शून्य येणं शक्यच नाही. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळतं आणि पुढे शून्यं भरतं. आपलं उत्तर १७ अंकी आहे. त्यामुळे शेवटचे दोन अंक गेले.

आता चढउताराचं कारण. कागदावर उभा गुणाकार मांडा. नऊ एक्क्यांची तीच ओळ नऊ वेळा येते, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. म्हणून उजवीकडून पहिल्या रकान्यात एक एक्का, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ, आणि तिथून पुन्हा उतरती भाजणी. एकाही रकान्याची बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि क्रम शाबूत राहतो.

दहा एक्के घेतले की मधल्या रकान्यात १० होतात. शून्य मांडून हातचा एक. शेजारच्या ९ मध्ये तो मिळाला की पुन्हा १०, पुन्हा हातचा. त्यापुढच्या ८ चे ९ होतात आणि हातचा संपतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. हा क्रम कितीही एक्क्यांना चालतो, हा समज त्यामुळे खरा नाही.

नऊ एक्क्यांची ही वर्गसंख्या विषम आहे आणि शेवटी १ आहे, म्हणून ती मूळ संख्या असेल असंही काहींना वाटतं. पण वर्ग कधी मूळ संख्या नसतो. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७; वर्गात यातला प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो.

१, १२१, १२३२१ या मालिकेचा अभ्यास देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी केला. तो सुचला मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या, जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनावर. म्हणून त्यांनी नाव दिलं ‘डेम्लो संख्या’. अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो तिला ‘हर्षद संख्या’ हे नावही त्यांचंच. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा, १५२४१५७८९९७१०४१ येतात, बाकी शून्य. म्हणजे ती हर्षदही आहे.

मात्र मालिकेतली प्रत्येक संख्या हर्षद नाही. १२१ ची बेरीज ४, आणि ४ ने तिला भाग जात नाही. एक ते नऊ एक्क्यांच्या वर्गांपैकी आणखी कोणते हर्षद आहेत, हे मुलीला वहीतच शोधू द्या. तिथे एकही अंक गळणार नाही.