मार्गदर्शकाची शिवीगाळ आणि पंच

अहिल्यानगर येथे २०२५ साली झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल दोन मल्लांवर ३ वर्षांची बंदी घालण्यात आली. मल्लाचे वर्तन सर्वांना दिसते. कडेला बसलेल्या मार्गदर्शकाची शिवी मात्र पुष्कळदा पंचालाच ऐकू येते. निर्णयाविषयी विचारणा झाल्यास एका वाक्यात उत्तर द्यावे. शिवीस देऊ नये. खेळ थांबवून ताकीद द्यावी. फुटबॉलमध्ये २०१९ पासून मार्गदर्शकासही कार्ड दाखविता येते. शिवी देणारा ओळखू न आल्यास ते प्रमुख मार्गदर्शकास मिळते. अहवालात मात्र ‘असभ्य भाषा वापरली’ एवढ्याने भागत नाही. उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहावा. शालेय सामन्यांतील पंच बहुधा शिक्षकच. त्यांची लेखणी येथे अडखळते आणि चौकशीत मार्गदर्शक सुटतो.