परस्परावलंबी रकान्यांची पडताळणी

कागदी अर्जात एखादा रकाना रिकामा राहिला, तर खिडकीपलीकडील कारकून मान वर करून प्रश्न विचारतो आणि बहुधा अडचण समजून घेतो. संगणकाच्या पडद्यावरील अर्जापाशी असा मनुष्य बसलेला नसतो. तेथे अर्ज स्वीकारावा की अडवावा, हे आधी लिहून ठेवलेले नियमच ठरवितात. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा रचली, तेव्हापासून हे नियम अर्जदाराच्याच यंत्रावर, ब्राउझरमध्ये, चालविता येऊ लागले. मंद दूरध्वनी-जोडणीवरून अर्ज सर्व्हरकडे जावा आणि 'नाव लिहिलेले नाही' एवढ्याच तक्रारीसह परत यावा, हा खेप घालण्याचा प्रकार त्यामुळे पुष्कळसा टळला.

एकट्या रकान्याचा नियम सोपा असतो. त्यास 'रिक्वायर्ड' हा गुणधर्म लावला, की तो रिकामा असेपर्यंत ब्राउझर अर्ज पुढे जाऊ देत नाही. परंतु एका रकान्यातील मजकुराची सत्यता जेव्हा दुसऱ्या रकान्यावर अवलंबून असते, तेव्हा हा गुणधर्म अपुरा पडतो.

रायपूरमधील चौबे कॉलोनी ही वसाहत तेथील महाराष्ट्र मंडळामुळे मराठी कुटुंबांच्या परिचयाची आहे. समजा, या वसाहतीतील एक वृद्ध दांपत्य असा एखादा अर्ज भरावयास बसले आहे. दोघांचाही जन्म १९५४ सालचा; पतीचा रायपूरचा, पत्नीचा नागपूरचा. अर्जात जन्मदिनांक, जन्मजिल्हा आणि राज्य असे तीन अनिवार्य रकाने आहेत. आज रायपूर छत्तीसगडात आणि नागपूर महाराष्ट्रात आहे. पण १९५४ साली ही दोन्ही शहरे मध्यप्रदेश या एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी खुद्द नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला. रायपूर मध्यप्रदेशातच राहिले, मात्र राजधानी भोपाळला गेली. १ मे १९६० रोजी नागपूर महाराष्ट्रात आले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले.

आता कार्यक्रम लिहिणाऱ्याने 'जिल्हा रायपूर असेल, तर राज्य छत्तीसगडच असले पाहिजे' असा नियम केला आहे, असे मानू. आजोबांच्या हातातील जन्मदाखल्यावर मध्यप्रदेश असे लिहिलेले आहे. ते तसे भरतात आणि अर्ज अडतो. त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरतात : अर्ज सोडून देणे, किंवा दाखल्याशी न जुळणारी नोंद करणे. दुसऱ्या मार्गाने गेल्यास पुढे कोणी अर्ज आणि दाखला ताडून पाहील, तेव्हा दोष आजोबांच्याच माथी येईल. तेव्हा 'राज्य' म्हणजे आजचे की जन्माच्या वेळचे, हे रकान्याच्या शीर्षकातच सांगितले पाहिजे. हे ठरल्यावाचून जावास्क्रिप्टची एक ओळही लिहिण्यात अर्थ नाही.

जन्माच्या वेळचे राज्य विचारावयाचे ठरले, तर एक तक्ता करावा लागतो. त्याच्या प्रत्येक ओळीत जिल्हा, राज्य आणि कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंत, एवढी माहिती असते. रायपूरची पहिली ओळ २५ जानेवारी १९५० पर्यंतच्या 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या प्रांताची. मग एक फंक्शन तिन्ही रकाने वाचते आणि तक्त्यात तशी ओळ आहे काय, ते पाहते. तिघांपैकी एखादा रकाना रिकामा असल्यास या फंक्शनने मौन पाळावे. रिकामेपणाची दखल 'रिक्वायर्ड' घेतच असतो. ओळ सापडली नाही, तर 'सेटकस्टमव्हॅलिडिटी' या पद्धतीने राज्याच्या रकान्यावर संदेश ठेवला जातो. सापडली, तर त्याच पद्धतीस रिकामी अक्षरमाला देऊन तो संदेश पुसावा लागतो. तो आपोआप पुसला जात नाही.

येथेच बहुतेकांची चूक होते. आजोबांनी घाईत १९५४ ऐवजी २००४ लिहिले आणि राज्य मध्यप्रदेश निवडले. राज्याच्या रकान्यावर दोष दाखविला गेला. त्यांनी वर जाऊन साल दुरुस्त केले. आता तिन्ही नोंदी बरोबर आहेत. परंतु फंक्शन केवळ राज्याच्या रकान्यास जोडलेले असल्याने ते पुन्हा चाललेच नाही. जुना संदेश तसाच राहिला आणि आजोबा बरोबर असलेल्या रकान्यात चूक शोधीत बसले. संदेश एका रकान्यावर दिसत असला, तरी नियम तिघांच्या परस्परसंबंधाचा आहे. म्हणून तिघांपैकी कोणताही बदलला, की तो संपूर्ण नियम नव्याने तपासला गेला पाहिजे. तिन्ही रकान्यांच्या 'चेंज' या घटनेस तेच एक फंक्शन जोडले, की हे साधते.

दुसरा प्रकार सशर्त अनिवार्यतेचा. पत्ता भारतातील असेल तरच पिनकोड हवा. परदेशी असलेल्या मुलाच्या पत्त्यास तो नको. (ही पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.) देश बदलताच पिनकोडचा रकाना दृष्टीआड केला, पण त्याचा 'रिक्वायर्ड' गुणधर्म काढला नाही, तर विचित्र प्रसंग ओढवतो. रकाना अदृश्य, त्यामुळे संदेश दाखविण्यास जागा नाही. अर्ज तर जात नाही. बटण दाबावे आणि काहीच घडू नये! म्हणून रकाना लपविताना तो 'डिसेबल्ड'ही करावा. अशा रकान्याची पडताळणी होत नाही आणि त्यातील मजकूरही पाठविला जात नाही. शिवाय, कोणी देवनागरी अंकांत ४९२००१ असे लिहिले, तर जावास्क्रिप्टमधील अंकांची नेहमीची खूण ते अंक ओळखत नाही. तपासणीपूर्वी त्यांचे रूपांतर करून घ्यावे. मराठी अर्जदारास या कारणासाठी अडविणे लाजिरवाणे आहे.

ब्राउझरमधील ही सारी पडताळणी अर्जदाराच्या सोयीसाठी आहे. ती बंद करता येते. म्हणून सर्व्हरवर तीच तपासणी पुन्हा करावी लागते आणि दोन्हीकडे तक्ता एकच असावा लागतो. तो अद्ययावत ठेवणे हे काम जिकिरीचे आहे, कारण जिल्हेही बदलतात. धमतरी १९९८ साली रायपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी धमतरीस जन्मलेल्याच्या दाखल्यावर जिल्हा रायपूरच असणार, आणि तक्त्यात धमतरीची पहिली ओळ १९९८ पासूनच सुरू होणार.