घरकुलाची तपासणी : साहेब येतील तेव्हा आपण काय बघायचं?

मैत्रिणींनो, आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींची घरकुलं मंजूर झाली आहेत. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागातल्या घराला मूळ मदत १,२०,००० रुपयांची असते. ती एकदम हातात पडत नाही, हप्त्याहप्त्यानं बँक खात्यात येते. काम ठरलेल्या टप्प्यापर्यंत आलं की तपासणी होते आणि पुढचा हप्ता सुटतो.

तपासणीत काय होतं?

अभियंता जागेवर येतात. पाया, जोते, लिंटल, छत यांपैकी काम कुठवर आलं ते बघतात आणि मोबाईलवर फोटो काढतात. फोटोबरोबर जागेची नोंदही होते, म्हणून दुसऱ्याच्या घरापुढं उभं राहून चालत नाही. स्वयंपाकाची जागा धरून घर किमान २५ चौरस मीटर असावं लागतं. या तपासणीसाठी कुणालाही पैसे द्यायचे नसतात.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. काम कुठवर आलं हे फोटोत दिसतं. आत काय घातलं ते दिसत नाही. सळई एकदा काँक्रीटमध्ये गेली की ती किती घातली हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून स्लॅब टाकायच्या आधी अभियंत्यांना बोलवा आणि सळई बांधलेली दाखवा. "साहेब, हे बरोबर आहे का?" असं विचारायला लाजू नका. घर आपलं आहे, त्यात राहायचंही आपल्यालाच.

रोज आपण बघायच्या गोष्टी

• सिमेंट : गोणीवर आयएसआय खूण आणि तयार झाल्याची तारीख बघा. तीन महिन्यांहून जुनं किंवा गोळे झालेलं सिमेंट परत करा. गोण्या जमिनीवर नको, फळ्यांवर रचा.
• वीट : दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज आला तर वीट पक्की भाजलेली.
• माल : काँक्रीट पातळ करून ओतू देऊ नका. गवंड्याचं काम सोपं होतं, पण छत कच्चं राहतं.
• सळई : सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवलेत ना? सळई फळीला टेकली तर पुढं गंजते, छताचे पोपडे पडतात.
• पाणी : स्लॅबवर आळी करून किमान दहा दिवस पाणी साठवा. उन्हाळ्यात चौदा दिवस. यात कसूर झाली तर चांगलं सिमेंटही वाया जातं.

तपासणीच्या दिवशी घरातल्या बाईनं स्वतः हजर राहावं. मंजुरीचा कागद, आधार, पासबुक जवळ ठेवावं. साहेबांनी काही दुरुस्ती सांगितली, तर तारखेसह वहीत लिहून घ्यावी आणि गवंड्याला वाचून दाखवावी.

बैठकीत करायचं काम : गटात कुणाचं घरकुल चालू आहे? या आठवड्यात पाचजणींनी मिळून तिथं जा, वरची यादी वाचत एकेक गोष्ट बघा. जे कमी दिसेल ते स्लॅब पडायच्या आधीच बोला. नंतर बोलून उपयोग नाही.