गाडीचा विमा : कोणत्या ॲड-ऑनला पैसे द्यायचे?



शेकडेवारी शिकवताना आपण नफा-तोटा, सूट, व्याज अशी उदाहरणं घेतो. याच घटकाचं एक उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या घरी दरवर्षी येतं आणि आपण ते न सोडवताच सही करून टाकतो. ते म्हणजे कारच्या विम्याचं नूतनीकरण. एजंटचा फोन येतो, "सर, झिरो डेप टाकू ना? इंजिनचं पण टाकतो, थोडेच पैसे आहेत." आपण हो म्हणतो. नाहीतर आकडा बघून दचकतो आणि सगळंच काढायला सांगतो. दोन्ही वेळा हिशेब राहूनच जातो. तो आज करू या.

आधी पाया. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो कामाला येतो. स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर यासाठी ओन डॅमेज हा भाग असतो आणि सगळे ॲड-ऑन या भागावर बसतात. तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी असेल तर झिरो डेप वगैरेचा प्रश्नच येत नाही.

झिरो डेप म्हणजे नक्की काय?

अपघात झाला की कंपनी नव्या भागाची पूर्ण किंमत देत नाही, घसारा कापते. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. फायबरच्या भागांवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. पत्र्याच्या व इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे : पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. रंगकामाच्या बिलातला चौथा भाग रंगसामानाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात.

आता एक बिल घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत. गाडी सव्वातीन वर्षांची, पुढून धडक बसली.

बंपर (प्लास्टिक) ६,००० : कपात ३,०००
हेडलाइट (प्लास्टिक) ७,००० : कपात ३,५००
बॉनेट (पत्रा) ८,००० : कपात २,०००
पुढची काच ५,००० : कपात नाही
रंगकाम ८,००० : कपात १,०००
मजुरी ४,००० : कपात नाही

एकूण बिल ३८,०००, घसारा ९,५००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये सक्तीने आपणच भरायचे असतात (त्यावरच्या गाडीला २,०००). म्हणजे खिशातून १०,५०० गेले. झिरो डेप असतं तर फक्त १,००० गेले असते. 'झिरो' शब्द ऐकून पुष्कळांना वाटतं की आपल्याला काहीच भरावं लागणार नाही. ते १,००० तरीही भरावेच लागतात.

या ॲड-ऑनचे वर्षाला १,८०० रुपये पडतात असं धरा. पाच वर्षांचे ९,००० झाले. त्या पाच वर्षांत वरच्यासारखा एक मोठा क्लेम आला तर पैसे जेमतेम वसूल. म्हणून माझं मत असं : गाडी नवी आहे, घरात कुणीतरी नुकतंच चालवायला शिकलंय, किंवा रोज गर्दीच्या रस्त्यावरून शाळेला जायचं आहे, तर घ्या. गाडी सहा-सात वर्षांची असेल, आठवड्यातून एकदा बाजारापुरती निघत असेल, तर ते पैसे बाजूला ठेवलेले बरे. तसंही अनेक कंपन्या साधारण पाच वर्षांनंतर हे ॲड-ऑन देत नाहीत किंवा महाग देतात. वर्षातून किती वेळा वापरता येईल यालाही काही पॉलिसींत मर्यादा असते. ती ओळ वाचा.

बोनस : इथे खरी मेख आहे

क्लेम न केलेल्या वर्षांसाठी ओन डॅमेजच्या प्रीमियमवर सूट मिळते. तिला एनसीबी म्हणतात. ती अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढते. एक क्लेम केला की साधारणपणे शून्यावर येते. सापशिडीच!

समजा मूळ ओन डॅमेज प्रीमियम ६,००० आहे आणि सध्या तुम्हाला ३५ टक्के सूट मिळते. क्लेम केला नाही तर पुढची पाच वर्षं सूट ४५, ५०, ५०, ५०, ५०. क्लेम केला तर ०, २०, २५, ३५, ४५. दोन्हींतला फरक ४५ + ३० + २५ + १५ + ५, म्हणजे १२० टक्के. ६,००० चे १२० टक्के म्हणजे ७,२००. (गाडीची किंमत घटते तसा प्रीमियमही घटतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी.)

म्हणजेच बंपरला ओरखडा आला, बिल ५,००० झालं, आणि "झिरो डेप आहे ना!" म्हणून क्लेम केला, तर मिळाले ४,००० आणि गेले सात हजारांच्या आसपास. गॅरेजवाले क्लेम करायला सांगतात, कारण त्यांचं काम वाढतं. आपण कागद-पेन्सिल घ्यावी. एनसीबी प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन ४५-५० टक्क्यांवर पोचलेल्यांनी जरूर विचारात घ्यावं. २० टक्केवाल्याला त्याचा फारसा उपयोग नाही. आणि हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली तर तो नव्या गाडीच्या विम्याला लावून घ्या. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर मात्र तो जातो.

इंजिन संरक्षण : तुमचं गाव बघून ठरवा

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी गाडीच्या सीट, वायरिंग यांचं पुरानं झालेलं नुकसान साध्या ओन डॅमेजमध्ये बसतं. पण इंजिनचं काय?

सिलिंडरमध्ये दट्ट्या हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. (सिरिंजच्या तोंडाला बोट लावून एकदा हवा आणि एकदा पाणी दाबून बघा. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.) आत पाणी शिरलेलं असताना चावी फिरवली तर दट्ट्या पाण्यावर आपटतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो. कंपनीचं म्हणणं असं की हे नुकसान पुराचं नाही, पुरानंतर तुम्ही गाडी चालू केली त्याचं आहे. असं परिणामी नुकसान मूळ विम्यात धरत नाहीत. दगडावर खालची ऑइलची टाकी फुटली आणि तशीच गाडी चालवून इंजिन जाम झालं, तरी हाच युक्तिवाद.

कोकण, मुंबई-ठाणे, कृष्णा-पंचगंगेचा काठ, किंवा सोसायटीचं तळघरातलं पार्किंग असेल तर हे ॲड-ऑन मी आधी घेईन, झिरो डेप नंतर. माणदेशात राहणाऱ्यानं ते सोडलं तरी चालेल. इलेक्ट्रिक गाडीला बॅटरीचं संरक्षण विचारा. ॲड-ऑन असो वा नसो, पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायची नाही, ओढून न्यायची.

रिटर्न टू इनव्हॉइस

गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तर कंपनी आयडीव्ही देते. हा आयडीव्ही दुसऱ्या वर्षात मूळ किमतीच्या २० टक्के, तिसऱ्यात ३० टक्के कमी धरतात. सात लाखांची गाडी तिसऱ्या वर्षी ४ लाख ९० हजारांची. बँकेचं कर्ज मात्र आपल्या गतीनं फिटत असतं. डाउन पेमेंट कमी आणि हप्ते सात वर्षांचे असतील, तर गाडी गेल्यावरही कर्जाची रक्कम मागे राहू शकते. अशांनी पहिली दोन-तीन वर्षं हे घ्यावं. रोखीनं घेतलेल्या गाडीला मला ते तितकं गरजेचं वाटत नाही.

बाकीचं पटकन. नट-बोल्ट, ऑइल, कूलंट यांसाठीचं कन्झ्युमेबल्स स्वस्त असेल तर झिरो डेपसोबत घ्या. रस्त्यावरची मदत नव्या गाडीला बहुधा उत्पादकाकडूनच मिळालेली असते, तेव्हा दोनदा पैसे कशाला? चावी हरवणं, गाडीतलं सामान, टायर यांच्या अटी इतक्या असतात की मी सोडून देतो.

मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मात्र या यादीत मोजू नका, ते सक्तीचं आहे. तेवढं संरक्षण आधीच दुसऱ्या पॉलिसीतून असेल तर तसं लिहून देऊन पुन्हा घेणं टाळता येतं. पण त्यात शेजारी बसलेले आई-वडील आणि मागची मुलं येत नाहीत. प्रवाशांसाठी वेगळं संरक्षण असतं आणि ते तुलनेनं खूप स्वस्त पडतं. एजंट त्याचा विषय क्वचितच काढतो, तुम्हीच काढा.

ॲड-ऑन साधारणपणे पॉलिसी सुरू होताना किंवा नूतनीकरणाच्या वेळीच मिळतात. तेव्हा तारीख यायच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक ॲड-ऑनची किंमत सुटी सुटी लिहून मागवा. आणि सातवीला शिकवत असाल तर वरचं बिल फळ्यावर लिहा, कपातीचा रकाना रिकामा ठेवा.