तिसऱ्यांदा नीट देण्याआधी नांदेडचा निकाल वाचा

नीटचा निकाल लागला की दरवर्षी पहिला प्रश्न तोच येतो. "सर, अजून एक वर्ष रिपीट करू द्यावं का?" विचारणारे वडील कधी मुखेडचे असतात, कधी उदगीरचे, कधी अहमदपूरचे. लेकरू शेजारी मान खाली घालून बसलेलं असतं. त्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

एकदा रिपीट करायला माझी हरकत नाही. तिसऱ्या वेळी मात्र मी स्पष्ट नाही म्हणतो. २०२४ साली देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी नीटसाठी नाव नोंदवलं. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिला डॉक्टर दिला, त्याबद्दल मला आदर आहे. पण चांगली हुशार पोरं विसाव्या वर्षी स्वतःला वाया गेलेली समजतात, ते याच शर्यतीपायी. बीएएमएस, फार्मसी, नर्सिंग, पोलीस भरती, एमपीएससी हे रस्ते तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहेत. आज मला एका दुसऱ्याच विषयावर बोलायचं आहे. तो म्हणजे निवडणुकांचा अभ्यास.

"म्हणजे पुढाऱ्यामागं फिरायचं?" असं लगेच विचारलं जातं. नाही. मतदार काय करतो आणि का करतो, हे पुराव्यानिशी शोधायचं.

नांदेडचंच घ्या. खासदार वसंतराव चव्हाण यांचं ऑगस्ट २०२४ मध्ये निधन झालं आणि लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच, २० नोव्हेंबरला झाली. त्याच दिवशी, त्याच केंद्रावर, त्याच माणसाने दोन यंत्रांवर बटण दाबलं. लोकसभेला वसंतरावांचे पुत्र, काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. विधानसभेला मात्र याच लोकसभा मतदारसंघातल्या भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. हजारो लोकांनी दोन यंत्रांवर वेगळा कौल दिला, तो का? वडिलांच्या पश्चात मुलाला सहानुभूती मिळाली? लाडकी बहीणचे दीड हजार रुपये विधानसभेपुरतेच मोजले गेले? की सगळा खेळ उमेदवाराच्या गावाचा आणि नात्यागोत्याचा होता? पारावर याची उत्तरं छातीठोकपणे दिली जातात. संशोधक निवडणूक आयोगाचा फॉर्म २० उघडतो. त्यात केंद्रनिहाय मतं असतात. कुठल्या गावात दोन्ही निवडणुकांच्या मतांत किती फरक पडला, हे तिथे दिसतं. का पडला, ते मात्र दिसत नाही. त्यासाठी नमुना निवडून घरोघर जावं लागतं आणि माणसाला बोलतं करावं लागतं.

लातूर ग्रामीणचा २०१९चा विधानसभेचा निकालही तसाच. काँग्रेसचे धीरज देशमुख सव्वा लाखावर मतं घेऊन जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवार नव्हता, २७,५०० मतांसह 'नोटा' होता. एवढी माणसं रांगेत उभी राहून 'यांच्यापैकी कुणीच नको' म्हणतात, यावर पीएच.डी. होऊ शकते. ती लातूरच्या मुलीने केली तर तिला गावची बोली आणि गटातटाची खबर आधीच असेल. दिल्लीहून येणाऱ्याला ती शिकायला दोन वर्षं लागतील.

हे काम महाराष्ट्राला नवीन नाही. पुण्यात प्रा. व. म. सिरसीकर यांनी १९६२च्या निवडणुकीत मतदारांचा अभ्यास केला होता. पुढे प्रा. सुहास पळशीकर 'लोकनीती' या संशोधन उपक्रमाच्या देशव्यापी निवडणूक सर्वेक्षणांत अग्रणी राहिले. या सर्वेक्षणांत घरोघर प्रश्न विचारायला जाणारे बरेचसे कॉलेजचे विद्यार्थीच असतात. तुमच्या मुलाची सुरुवात तिथून होऊ शकते.

विज्ञान शाखेतून बारावी झालेली मुलं बी.ए.ला जाऊ शकतात, आणि आकड्यांची भीती नसेल तर इथे त्यांचीच जास्त गरज आहे. राज्यशास्त्राबरोबर संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र घ्या, इंग्रजी वाचायची सवय लावा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठापासून पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठापर्यंत एम.ए.ची सोय आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत.

पण खोटी आशा दाखवणार नाही. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, नेट-सेट झालेली माणसं तासिका तत्त्वावर राबतात. म्हणून फक्त प्राध्यापकीवर डोळा ठेवून इकडे येऊ नका. सर्वेक्षण संस्था, धोरण संशोधन, आकडेवारीची पत्रकारिता इथेही जायची तयारी हवी, आणि त्यासाठी आकडे हाताळता यायलाच हवेत. ज्याला हे नको आहे त्याला बळजबरीने इकडे ढकललंत, तर नीटच्या वेळी केलेली चूकच पुन्हा कराल.

रिपीटर बॅचची फी भरण्याआधी एक संध्याकाळ काढा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या मतदारसंघाचा फॉर्म २० काढा, आपल्या गावाचं केंद्र शोधा आणि तो कागद मुलासमोर ठेवा. मग तुम्ही गप्प बसा, त्याला बोलू द्या.